रोजच्या वापरासाठी जुनी स्पोर्ट्स कूपे: टोयोटा ८६, ३७०झेड की सिव्हिक एसआय?

एडिसनकर:

नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि कामासाठी रूट १ ने प्रिन्स्टनजवळ जातो. येऊन-जाऊन साधारण ४० मैल होतात आणि त्यातला बराचसा वेळ सिग्नलला थांबण्यात जातो. माझी जुनी सेडान आता भाच्याला द्यायची आहे. तिच्या जागी, आयुष्यात एकदा तरी, चालवताना मन रमेल अशी दोन दारांची गाडी घ्यावी असे फार दिवस मनात आहे. पुण्यात वडिलांच्या झेनवर गाडी शिकलो, त्यामुळे मॅन्युअल गिअरची सवय आहे आणि मला तेच हवे आहेत.

कर आणि नोंदणी धरून २०,००० डॉलरपर्यंत खर्च करता येईल. टोयोटा ८६ (किंवा तिचीच बहीण सुबारू बीआरझेड), निसान ३७०झेड आणि होंडा सिव्हिक एसआय कूपे या तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. घरी दुसरी मोठी गाडी आहे. पण आठवड्यातून दोन दिवस सात वर्षांच्या मुलीला शाळेतून मीच आणतो. ८६ ची ताकद कमी पडते असे सगळीकडे वाचतो. रोज चालवणाऱ्याला ते खरोखर जाणवते का? आणि मागची चाके ओढणारी गाडी इथल्या हिवाळ्यात निभावते का?

डेलावेअरकाठी:

पहिली गोष्ट, ३७०झेड यादीतून काढून टाका. गाडी उत्तम आहे, ३.७ लिटरचे व्ही-६ इंजिन आणि ३३२ अश्वशक्ती म्हणजे चेष्टा नव्हे. पण तिला मागची सीटच नाही. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे आठ वर्षांखालील आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टरमध्ये (मुलाला उंच बसवणाऱ्या जोडसीटमध्ये), आणि गाडीला मागची सीट असेल तर तिथेच बसवावे लागते. मागची सीटच नसेल तर पुढे चालते, पण मुलीला मागे बसवणेच सुरक्षित, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथेच मिटतो.

माझ्याकडे २०१७ ची ८६ आहे, मॅन्युअल, आणि तिच्यासोबत चार हिवाळे काढले आहेत. ताकदीबद्दल जे लिहिले जाते ते खोटे नाही, मात्र अर्धवट आहे. २०५ अश्वशक्ती पूर्ण मिळते ती ७,००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), आणि ३,५०० ते ४,५०० च्या दरम्यान इंजिन थोडे दमल्यासारखे वाटते. रूट १ वर सिग्नल सुटल्यावर शेजारची साधी एसयूव्हीसुद्धा कधीकधी पुढे निघून जाते. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही, कारण या गाडीची मजा वेगात नाहीच. गाडीचे वजन सुमारे १,२६० किलो, बॉक्सर इंजिनचे सिलिंडर आडवे झोपवलेले असल्याने भार जमिनीलगत, आणि बसण्याची जागा इतकी खाली की रस्ता अंगाला लागतो. रविवारी सकाळी लॅम्बर्टव्हिलहून फ्रेंचटाऊनकडे रूट २९ ने नदीकाठाने जाताना ताशी ४५ मैलांच्या आतच, कायदा न मोडता, प्रत्येक वळण स्टिअरिंगमधून हातात येते. दुप्पट ताकदीच्या, जड गाडीत तेवढाच आनंद मिळवायचा तर परवाना धोक्यात घालावा लागेल.

मागच्या सीटबद्दल स्पष्ट सांगतो. मोठा माणूस तिथे बसू शकत नाही. सात वर्षांची मुलगी बसेल, पण तिच्या पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागेल, आणि पावसात बूस्टरचा पट्टा लावताना तुमची पाठ भिजेल. डिकी मात्र आश्चर्यकारक आहे: मागच्या सीटची पाठ पाडली की चार चाके आत मावतात.

हिवाळ्याचे उत्तर टायरमध्ये आहे. पहिल्या वर्षी मी कंटाळा केला आणि उन्हाळी टायरवर डिसेंबरपर्यंत राहिलो. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्यांचे रबर कडक होते, हे वाचलेले होते. घरासमोरच्या लहानशा चढावर, फक्त एक इंच बर्फात, गाडी आडवी झाली तेव्हा ते पटले. दुसऱ्याच दिवशी हिवाळी टायर घेतले आणि त्यानंतर गाडी कधी अडली नाही. तुमच्या २०,००० पैकी हजारेक डॉलर टायरसाठी आधीच बाजूला काढा.

रारिटन:

वरचे सगळे वाचून पटले, तरी तुमच्या रस्त्यासाठी माझे मत सिव्हिक एसआय कूपेला आहे. तुम्ही आठवड्याचे पाच दिवस रूट १ वर आहात आणि रूट २९ वर फार तर एक सकाळ. २०१७ ते २०२० या पिढीत १.५ लिटर टर्बो इंजिन आहे. अश्वशक्ती २०५ च, पण १९२ पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे इंजिनचा पीळ, २,१०० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे गर्दीत सारखे गिअर बदलून इंजिन ओरडवावे लागत नाही. क्लच हलका आहे आणि मागच्या सीटवर मुलगी दप्तरासह नीट बसते. पुढची चाके ओढत असली तरी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसते गरगरू न देणारी यंत्रणा) असल्याने वळणातून बाहेर पडताना गाडी छान खेचते.

दोन गोष्टी सांभाळा. या इंजिनात थंडीत लहान-लहान फेऱ्या झाल्या की पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते, अशी तक्रार बोलली जाते. तुमचा एका वेळचा २० मैलांचा प्रवास इंजिन नीट तापायला पुरेसा आहे, पण आधीच्या मालकाचा होता का, ते विचारा. दुसरे म्हणजे या गाड्या बहुधा तरुण मुलांच्या हातात असतात. इंजिनचा संगणक बदललेली, सायलेन्सर बदललेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. शेवटचा कूपे २०२० चा, त्यामुळे चांगली गाडी सापडायला वेळ लागेल, आणि तो वेळ द्यावा.

एडिसनकर:

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. सिव्हिक सर्व बाबतींत शहाणी वाटली. ८६ मधून उतरल्यावर मात्र मी विनाकारण पुन्हा आत जाऊन बसलो, आणि मुलीने मागे बसून "इथे गुहेसारखं वाटतं" म्हणत सीटवरून उठायला नकार दिला. आता एक २०१७ ची ८६ पाहतो आहे, ५८,००० मैल चाललेली, मालक थेट विकतो आहे. तपासताना काय पाहावे?

दहाचा पाना:

२०१७ निवडलीत हे चांगले केलेत. पहिल्या, म्हणजे २०१३ मॉडेलच्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल आला होता, म्हणजे कंपनीने त्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, आणि त्या कामासाठी इंजिन बाहेर काढावे लागते. ते काम कुणी आणि कसे केले यावर पुढचे सगळे अवलंबून राहते. तुमच्या गाडीला तो प्रश्न नाही.

मालकाला आधीच कळवा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. गरम लागले तर थंड इंजिनचा आवाज तुमच्यापासून लपवला गेला आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी या. सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक ओढून ऑइलची पातळी बघा. सुरू झाल्यावर रातकिड्यासारखी टिकटिक येईल, ती इंधन पंपाची असते आणि तिला घाबरू नका. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण सोडा: किरकिर येत असेल आणि पेडलवर पाय हलकेच ठेवताच थांबत असेल, तर थ्रोआउट बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) गेले आहे. बेअरिंग स्वस्त आहे, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच बदलण्याची मजुरी धरूनच भाव करा.

टायरची झीज चारही चाकांवर पाहा. आतल्या कडेला जास्त झिजली असेल तर सस्पेन्शन बदलून गाडीची उंची कमी केलेली होती किंवा कुठे तरी आपटली आहे. कारफॅक्सवर, म्हणजे गाडीच्या इतिहासाच्या विकत मिळणाऱ्या अहवालावर, विसंबू नका, कारण तिथे फक्त नोंद झालेले अपघात दिसतात. मी स्वतः एकदा एका विक्रेत्याकडून स्वच्छ अहवालाची गाडी घेतली आणि महिन्याभराने दाराच्या रबरखाली रंगाचे बारीक तुषार दिसले. तो पूर्ण दरवाजा पुन्हा रंगवलेला होता. तेव्हापासून मी प्रत्येक रबर नखाने उचलून पाहतो. शेवटी, तुमच्या ओळखीच्या आणि मालकाशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा गंज खालून पाहून घ्या, आणि व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन विम्याचा हप्ता पैसे देण्यापूर्वी विचारा. या गाडीला प्रीमियम पेट्रोलच लागते, तेव्हा पंपावर ते भरणाऱ्याला दर वेळी तसे सांगावे लागेल.

एडिसनकर:

विम्याचा हप्ता आजच विचारला, सेडानपेक्षा जास्त आहे पण झेपेल. येत्या शनिवारी सकाळी नऊला जातो आहे. इंजिन सुरू करू नका असे मालकाला कळवले, तेव्हा त्याने कारणही विचारले नाही. ऑइल बदलल्याच्या सगळ्या पावत्या काढून ठेवतो, एवढेच म्हणाला.