शब्दचर्चा: लोकरीच्या कासवाला 'व्यक्तिमत्त्व' असतं की 'स्वभाव'? आणि ते स्वतःबद्दल बोलताना 'आलो' म्हणेल की 'आले'?

दोन_सुया:
आम्ही सात-आठ जणी दर गुरुवारी जमून लोकरीचे प्राणी विणतो. ससा, हत्ती, कासव, अस्वल. महिन्याकाठी पेटी भरली की ती एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात जाते. प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधतो. जिने विणला तिने त्याच्या तोंडून दोन-तीन ओळी लिहायच्या: नाव काय, आवडतं काय, कशाला घाबरतो. नमुने परदेशी पुस्तिकेतले, म्हणून चिठ्ठ्याही आजवर इंग्रजीतच होत्या. गेल्या खेपेला वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, मराठीत लिहा की. आयांना वाचून दाखवता येईल."

लिहायला बसले आणि अडले. 'कम्फर्ट अ‍ॅनिमल'ला काय म्हणू? चिठ्ठीच्या वर 'पर्सनॅलिटी' असा मथळा असतो, तिथे काय लिहू? 'व्यक्तिमत्त्व' लिहिलं तर आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या की कासव ही व्यक्तीच नव्हे. आणि सगळ्यात मोठी अडचण, ते कासव बोलायला लागलं की 'मी थोडा लाजाळू' की 'मी थोडी लाजाळू'? आपण तर 'ते कासव' म्हणतो. पेटी पुढच्या मंगळवारी जायची आहे.

कोशवेडा:
शिक्षिकाबाईंचं बरोबर आहे. 'स्वभाव' लिहा. स्वभाव माणसाला असतो, बैलाला असतो, औषधी वनस्पतीलाही असतो. 'व्यक्तिमत्त्व' हा भाषणातला आणि मुलाखतीतला शब्द आहे.

सुलट_उलट:
मी चाळीस वर्षं विणते आहे आणि मला 'स्वभाव'च पटतो, पण कारण वेगळं. स्वभाव आपण देत नाही, तो विणता विणता येतो. मान भरताना कापूस जरा कमी पडला की डोकं एका बाजूला कलतं, आणि तो प्राणी लाजाळू होतो. डोळे दोन ओळी खाली आणि एकमेकांपासून लांब घेतले की बाळ दिसतं, वर आणि जवळ घेतले की खाष्ट. तेच माप, तीच लोकर, तेवढेच टाके, तरी माझ्या दोन हत्तींची तोंडं कधी सारखी झाली नाहीत. चिठ्ठी आधी लिहून मग विणणाऱ्या जणींचे प्राणी मला ओळखू येतात, ते गप्प असतात.

लहान मुलांसाठी असेल तर मणी किंवा बटणं लावू नका, डोळे दोऱ्याने भरा. बटण निघालं तर तोंडात जातं. आमच्याकडे 'डोळे भरले का?' असं विचारतात तेव्हा नवीन आलेली बाई दर वेळी दचकते.

तिरफळ:
'विणणे' या शब्दातच उत्तर आहे. वीण म्हणजे कापडाची वीण, आणि वीण म्हणजे जनावराची वीण सुद्धा. गाय विते, बाई प्राणी विणते. आमच्या आजीच्या तोंडी दोन्ही एकच होतं. वेणा, वेणी, वीण, विणणे हे सगळं एका कुळातलं आहे. जी विणते ती जन्म देते, म्हणून स्वभावही तीच देते.

कोशवेडा:
ऐकायला सुंदर, पण चूक. विणणे हे 'वे' धातूकडून, संस्कृतात 'वयति'. व्याणे, विणे हे 'वि' अधिक 'जन्', म्हणजे 'विजायते'. 'वेणा' तर सरळ 'वेदना'. वेणी तिसरीच. चार वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत घासून घासून एकमेकांसारखे दिसायला लागले, इतकंच.

तिरफळ:
मूळ वेगळं असेल. पण हजार वर्षं माणसं ते शब्द एकाच तोंडाने बोलताहेत, शेजारी शेजारी. शेजाराला काही अर्थ नाही का? भाषा फक्त धातूंत असते असं मला वाटत नाही.

कोशवेडा:
शेजार मान्य. पण त्याला कूळ म्हणू नका.

गोधडी:
वीण राहू द्या, कम्फर्टचं बोला. 'सांत्वन' अजिबात नको. सांत्वनाला आपण कुणी गेल्यावर जातो, आजारी मुलाच्या हातात ती पाटी देऊ नये. 'दिलासा' हा मुळात फार गोड शब्द, फारसीतून आलेला, दिल म्हणजे मन आणि 'आसा' म्हणजे विसावा. पण बातम्यांनी तो झिजवला, आता दिलासा फक्त ग्राहकांना आणि थकबाकीदारांना मिळतो. माझं मत 'सोबत'ला. आमच्या वाड्यात कुणाचा नवरा फिरतीवर गेला की शेजारची मुलगी रात्री 'सोबतीला' झोपायला जायची. ती काही करायची नाही, फक्त असायची. हे प्राणी तेच करतात ना? 'सोबती' म्हणा.

आणि असा सोबती आपल्याकडे नव्हता असं नाही. माझ्या भावाकडे आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी होती, तिचा एक कोपरा नाकाशी धरल्याशिवाय तो झोपायचा नाही. धुतली की वास गेला म्हणून रडायचा. विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्ये या सवयीवर निबंध वाचला. मूल आईपासून सुटं होताना मध्ये अशी एक वस्तू धरतं, आणि ती घरच्यांनी परस्पर बदलायची नसते, असं त्याने लिहिलं. आजीला हे ठाऊक होतं. ती गोधडी भावाला न विचारता कधी धुवायची नाही.

उंबरठा:
'अस्वल' हा शब्द चिठ्ठीवर नको, असं मला तीव्रतेने वाटतं. मराठीत अस्वल म्हटलं की अस्वलाच्या गुदगुल्या आठवतात. 'टेडी' लिहा, तो आता मराठी शब्द आहे. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ 'टेडी' रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत बांधलेलं अस्वल मारायला नकार दिला, त्यावरून ते नाव पडलं. मुलांना ही गोष्टही सांगता येईल.

सुलट_उलट:
मी विदर्भातली. आमच्या गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा, तेव्हा आया आपणहून मुलांना त्याच्या पाठीवर बसवायच्या. मुलाची भीती जाते म्हणून. अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायच्या. मीही बसले आहे, त्या राठ केसांचा स्पर्श अजून तळव्यांना आठवतो. त्या जनावराचे हाल व्हायचे हे कळायला मला मोठं व्हावं लागलं, आणि ती प्रथा बंद झाली हे चांगलंच झालं. पण भीतीवर उतारा म्हणून आपल्याकडे अस्वलच होतं. शब्द काढून टाकू नका.

ब्लेक:
मी डेन्मार्कात राहते. इथे २०१३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस करायला सुरुवात झाली आणि ती पुढे देशोदेशी गेली. बाळ काचेच्या पेटीत असतं, नळ्या ओढतं. ऑक्टोपसच्या पिळदार सोंडा हातात आल्या की नाळ धरल्यासारखं वाटत असावं, अशी कल्पना. वैद्यकीय पुरावा पक्का आहे असं कुणी म्हणत नाही, पण नियम फार कडक आहेत: लोकर नाही, शंभर टक्के सुती दोरा, ६० अंशांवर धुता आलं पाहिजे, टाके इतके घट्ट की आतलं भरण दिसता कामा नये, आणि सोंड ताणूनही २२ सेंटीमीटरपेक्षा लांब नको, कारण ती गुंडाळली जाऊ शकते. दोन_सुया, तुमच्या वॉर्डात तान्ही बाळं असतील तर सिस्टरांना आधी विचारा.

मीही दोन केले. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तू माकूल विणलंस!"

तिरफळ:
माकूल वेगळं, ते म्हणजे स्क्विड! मी वेंगुर्ल्याचा. माकुलाला आठ हातांशिवाय दोन लांब सोंडा असतात, शिवाय अंग निमुळतं. ऑक्टोपसला आठच.

उंबरठा:
मग 'अष्टपाद' म्हणा. स्वच्छ शब्द आहे.

तिरफळ:
आठ पाय कोळ्यालाही असतात. आजारी पोराला 'हा तुझा अष्टपाद' म्हणून काय द्यायचं?

ब्लेक:
गंमत म्हणजे डॅनिशमध्ये दोघांना मिळून एकच शब्द आहे, ब्लेकस्प्रुटे, म्हणजे शाईची पिचकारी मारणारा. आईचं माकूल डॅनिश हिशेबाने बरोबर ठरतं.

दोन_सुया:
सगळ्यांचे आभार. 'सोबती' मनात बसला आहे. आमच्याकडे मोठी मुलं असतात, पाचच्या पुढची, तरी डोळ्यांचं लक्षात ठेवते. पण कासवाच्या बोलण्याचं काय?

कोशवेडा:
इथे खरोखर व्याकरणात फट आहे. 'ते कासव आलं' ठीक. पण प्रमाण मराठीत 'मी'ला दोनच रूपं, आलो आणि आले. नपुंसकलिंगी 'मी' नाही. म्हणून आपली गोष्टीतली जनावरं बोलताना लिंग बदलतात. माकड आणि मगरीची गोष्ट घ्या. 'माकड म्हणालं, मी काळीज झाडावर ठेवून आलो.' म्हणालं आणि आलो, एकाच वाक्यात. कुणाला खटकत नाही. तुम्हीही 'आलो' लिहा.

गोधडी:
म्हणजे सगळे प्राणी मुलगेच? वॉर्डात मुलीही आहेत.

माड:
गोव्यातून. आमच्या कोंकणीत ही फट नाही. लहान मुलगी स्वतःबद्दल 'हांव आयलें' म्हणते, ते नपुंसकलिंगच, आणि त्यात माया आहे. मोठी झाली की 'आयल्यें'. माझी भाची कधी 'आयल्यें' म्हणायला लागली तो दिवस माझ्या बहिणीला आठवतो.

सुलट_उलट:
चाळीस वर्षांत मी चिठ्ठीत 'आलो, आले' लिहिलंच नाही, हे आता लक्षात येतं आहे. 'मला पाऊस आवडतो. मला अंधाराची भीती वाटते. मला कुशीत झोप लागते.' सगळं 'मला'ने होतं, लिंग येतच नाही. मूल हवं ते ठरवतं.

कोशवेडा:
हा उपाय निर्दोष आहे. मला सुचायला हवा होता.

ब्लेक:
निर्दोष आहे, पण मला पटत नाही. 'मला'वाल्या प्राण्याच्या बाबतीत सगळं घडत राहतं. त्याला भीती वाटते, त्याला झोप लागते. तो स्वतः काहीच करत नाही. पलंगावर पडलेल्या मुलाचं तेच झालेलं असतं, त्याला सुई टोचतात, त्याला नेतात, त्याला आणतात. सोबत्याने तरी 'मी चढलो, मी पडले, मी पुन्हा चढले' म्हणावं.

सुलट_उलट:
यावर मला उत्तर नाही. माझ्या कासवाच्या चिठ्ठीवर 'मला घाई आवडत नाही' असं आहे. त्याला मी काय करायला लावू?

तिरफळ:
कासव विणीच्या हंगामात वेळासच्या किनाऱ्यावर येतं, वाळू खणतं, अंडी घालतं, परत समुद्रात जातं. बघा, 'विणीचा हंगाम'. कोशवेडा, यालाही शेजारच म्हणणार का?

कोशवेडा:
'विजायते'. ठाम.

दोन_सुया:
कासवाची चिठ्ठी आत्ता लिहिली, बाकीच्या अकरा अजून व्हायच्या आहेत. 'माझं नाव दगडू. मला घाई आवडत नाही. रात्री मी तुझ्या उशीपर्यंत चालत ये-' इथे थांबले आहे. मुलाच्या हातात पेन देऊन शेवटचं अक्षर त्याला भरायला सांगावं का? सिस्टरांना विचारते.

माड:
दगडू नाव ठेवलंत म्हणजे 'तो' ठरलाच की.

दोन_सुया:
अरे हो. आमच्या घराशेजारी एक दगडूबाई होत्या, मी त्यांच्यावरून ठेवलं होतं.