खासगी बंदुकांचा संग्रह एकगठ्ठा घेऊन पुढे विकायचा आहे (पुणे): सल्ला हवा

मुठाकाठ
औंधला आमच्या ओळखीचे एक काका पावसाळ्यात वारले. शिकारीच्या जमान्यातले, हत्यारांचे शौकीन. त्यांच्या परवान्यावर एक इंग्लिश दुनळी बारा बोअर आणि एक .३२ रिव्हॉल्व्हर. काकूंच्या परवान्यावर एक बेल्जियन दुनळी आणि एक .२२ रायफल. शिवाय दिवाणखान्यात भिंतीवर पणजोबांची ठासणीची बंदूक. मुलगा परदेशात असतो, त्याला सगळं एकदम मोकळं करायचंय. माझा परवाना आहे, त्यावर सध्या एक रिव्हॉल्व्हर आहे. विचार असा की पाचही घ्यायच्या, एक ठेवायची, बाकीच्या परवाना असलेल्या मित्रांना द्यायच्या. बजेट दीड लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. कायद्यानं काय काय बघावं लागेल?

मुळशीचा_शेतकरी
इंग्लिश दुनळी अजिबात सोडू नका! ऐंशीच्या दशकापासून बाहेरची हत्यारं येणं बंद झालं, म्हणून जुन्या मालाला सोन्याचा भाव आहे. माझ्याकडे वडिलांची आहे. रानडुकरांनी भाताची नासाडी मांडली की तिचा नुसता बार काढला तरी आठवडाभर इकडे फिरकत नाहीत. दीड लाखात बसणार नाही, तीन-साडेतीनची तयारी ठेवा.

मुठाकाठ
दादा, बजेट दीड लाख आहे.

खडकी_बाजार
तीन हत्यारं ठेवता येतात. तुमच्याकडे एक आहे, म्हणजे अजून दोन घ्या. माझ्या मामांकडे तीन होती, कधी कोणी विचारलं नाही.

वकील_सदाशिव
तीनची मर्यादा गेली. २०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, वारसाहक्कानं आलेली धरून. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना वर्षभरात जमा करायला सांगितलं होतं. तेव्हा मुठाकाठ, तुमच्याकडे जागा एकाच हत्याराची आहे. पाच घेण्याचा प्रश्नच येत नाही.

आता 'पुढे विकायचं' याबद्दल. १९५९ च्या कायद्याचं कलम ५ वाचा. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं हत्यार खासगी माणूस दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो. त्याआधी घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. पण विकण्याच्याच इराद्यानं घेतलेलं हत्यार 'स्वतःच्या वापरासाठी' कसं म्हणणार? तो धंदा झाला. त्याला डीलरचा परवाना लागतो. विनापरवाना विक्रीला आता किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. मित्रांना द्यायची असली तरी मधे तुम्ही उभे राहू नका.

कर्वेनगर_नाना
वकीलसाहेबांशी सहमत. दोनच ठेवता येतात. आणि निवडणूक लागली की ती दोन पण जमा करा! प्रत्येक वेळी ठाण्यात रांग, पावती, मग परत आणायला पुन्हा रांग. मागच्या खेपेला माझ्या बंदुकीच्या दस्त्याला ओरखडा पडून आली, विचारलं तर म्हणे आधीपासूनच होता. अक्रोडाचा दस्ता आहे हो! मी तर म्हणतो ही झंझट घेऊच नका.

सईची_आई
निवडणुकीचं इथे काय काम, नाना? मला काळजी वेगळी वाटते. काका गेले तेव्हापासून त्यांची दोन हत्यारं घरात कोणाच्या परवान्यावर आहेत? माझे सासरे गेले तेव्हा आम्हाला कोणीच हे सांगितलं नव्हतं. बंदूक कपाटात तशीच राहिली आणि नंतर ठाण्यात उत्तरं देता देता सासूबाई रडकुंडीला आल्या. काकू एकट्या आहेत. आधी ती दोन हत्यारं आणि काडतुसं परवानाधारक डीलरकडे किंवा ठाण्यात जमा करा, पावती घ्या. खरेदीचं मागाहून.

वकील_सदाशिव
ताई नेमकं बोलल्या. कलम २१. बाळगण्याचा हक्क संपला की विनाविलंब जमा करायचं. जमा केलं म्हणजे हातचं गेलं असं नाही. वारस ते हत्यार पात्र माणसाला विकू शकतो आणि पैसे त्यालाच मिळतात. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. सगळ्या वारसांची लेखी संमती तयार ठेवा. एक बहीण जरी नंतर 'मला विचारलं नाही' म्हणाली तरी व्यवहार अडकतो. हत्यार परदेशातून सामानासोबत आलेलं असेल तर कस्टमचे कागदही बघा, त्यात विक्रीवर बंधन असू शकतं.

नेमबाज_बालेवाडी
माझं ऐका, एअर रायफल घ्या. नळीचा व्यास .१७७ इंच आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. मी बालेवाडीच्या रेंजवर दर रविवारी असतो, जर्मन रायफल आहे, पदकं पण आहेत. दीड लाखात थोडी भर घातली की उत्तम मिळेल.

खडकी_बाजार
ठासणीची तर अँटिक आहे, तिला काही लागत नाही. थेट घेऊन टाका. जुन्या बाजारात असल्या कितीतरी बघितल्यात मी.

वकील_सदाशिव
हा गैरसमज फार महागात पडतो. कलम ४५ ची सूट जुन्या हत्याराला आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. वय कितीही असो, नळी आणि घोडा शाबूत असेल तर ती बंदूकच. विनापरवाना बाळगलं तर दोन ते पाच वर्षं. त्यात शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही बघावा लागतो, आणि मुलाला ती परदेशी नेता येणार नाही. भिंतीवरून काढून कुठेही हलवण्याआधी मुलानं ठाण्यात लेखी अर्ज द्यावा.

कर्वेनगर_नाना
केळकर संग्रहालयाला विचारा. तिथे जुनी हत्यारं किती सुंदर ठेवली आहेत!

औंधकर
एक राहिलं. मुठाकाठ, तुम्ही राहता कुठे? काकूंचं घर पुणे शहर आयुक्तालयात येतं. तुम्ही पिंपरी-चिंचवड हद्दीत असाल तर तुमच्या परवान्यावर नवं हत्यार चढवण्याचा अर्ज तिकडच्या आयुक्तालयात. २०१८ पासून दोन्ही वेगळी आहेत. ग्रामीण भागाचं काम जिल्हाधिकारी कार्यालयात. माझी फाईल मधल्या मधे फिरत राहिली होती. आणि परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे ना ते आधी बघून घ्या.

मुळशीचा_शेतकरी
जागा एकच आहे तर मग दुनळीच घ्या की. इंग्लिश.

नेमबाज_बालेवाडी
किंवा एअर रायफल.

मुठाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मी पिंपळे सौदागरला राहतो, म्हणजे दोन्ही आयुक्तालयं आली. मुलाशी बोललो. काकांची दोन्ही हत्यारं आणि काडतुसं डीलरकडे जमा झाली, पावती काकूंकडे आहे. ती हत्यारं मुलगाच विकेल, मी मधे नाही. ठासणीच्या बंदुकीचा अर्ज त्यानं दिलाय. संग्रह एकगठ्ठा घ्यायचा विचार सोडला.

दुनळी मात्र मी घेणार नाही. काकूंच्या परवान्यावरची .२२ रायफल घेतोय. त्यांनी ४५ दिवसांची सूचना दिलीय आणि माझा अर्जही गेलाय. बेल्जियन दुनळी त्या स्वतःकडेच ठेवणार आहेत. काकांनी मला नेमबाजी त्याच .२२ वर शिकवली. तिचा भाव कमी आहे हे मला माहीत आहे, पण मला तीच हवी आहे.

सईची_आई
पावती काकूंकडे आहे हे वाचून बरं वाटलं. तिची झेरॉक्स मुलाकडेही असू द्या.

मुळशीचा_शेतकरी
.२२ नं काय होणार? असो. इंग्लिश दुनळी कोणत्या डीलरकडे ठेवलीय तेवढं कळवा. माझ्या परवान्यावर एक जागा आहे, मी अर्ज टाकतो.