नाताळच्या धावपळीत घरच्यांसाठी निवांत वेळ कसा काढावा? (मदत हवी आहे)

आम्ही सोलापुरात राहतो. 25 डिसेंबरच्या आधीचे दिवस करंज्या-शंकरपाळ्या, कपडेखरेदी आणि नातेवाइकांच्या अपेक्षा यांतच सरतात. गेल्या वर्षी निम्मा फराळ बचत गटाकडून घेतला आणि भेटवस्तू फक्त मुलांपुरत्या ठेवल्या. खर्च आटोक्यात आला, पण वाचलेला वेळ पुन्हा बाजारातच गेला. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या दिवसांचे, चार रविवार खरे तर मनाच्या तयारीसाठी असतात, आणि तेच हातून निसटतात याचे मला फार वाईट वाटते. शेजाऱ्यांना फराळाचे ताट देणे व नाताळची गाणी गात दारी येणाऱ्या गायनमंडळींचे स्वागत मात्र सोडायचे नाही, कारण मुलांचा खरा आनंद त्यातच आहे. सासूबाईंना फार वेळ बसवत नाही, मला 24 तारखेपर्यंत सुटी नाही. आगमनकाळातल्या रविवारी संध्याकाळी, खर्चाविना तिन्ही पिढ्यांना एकत्र करता येईल असे तुमच्या घरी काय रुजले आहे, आणि एखादी प्रथा यंदा थांबवतो आहोत हे वडीलधाऱ्यांना न दुखावता तुम्ही कसे सांगितले?