करंगळीच्या मुंग्या आणि मनगटाचा पट्टा
एका भावानं लिहिलंय, करंगळीला मुंग्या येतात म्हणून मनगटाचा पट्टा लावला, काही फरक नाही. पडणार कसा? तो पट्टा कार्पल टनेलसाठी, म्हणजे मनगटात नस दबते त्या त्रासासाठी; त्यात अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका अल्नर नर्व्हकडे. ही नस कोपराच्या आतल्या हाडामागून, अगदी कातडीलगत जाते. कोपर आपटलं की जी झिणझिणी येते, ती हीच.

माझं गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दुकान. वर्षानुवर्षं डावं कोपर काउंटरच्या काचेच्या कडेवर टेकून फोनवर बोलायची सवय. पुढं पुढं नाजूक कडी चिमटीत धरता येईना. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला लावून ओढला. अंगठ्याचं पेर आपोआप वाकलं, म्हणजे या नसेवर चालणारा स्नायू कमजोर झालेला. नर्व्ह कंडक्शनमध्ये (नसेतून संकेत नीट जातो का, ती तपासणी) अडथळा कोपरातच निघाला.

हात वाकून नस ताणली जाऊ नये म्हणून रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून झोपायचो. (बायको म्हणायची, तालमीतनं आलाय काय!) तीन महिन्यांत मुंग्या गेल्या, पकड अजून अर्धवटच. मात्र अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग वाळून खोलगट दिसत असेल तर टॉवेलवर दिवस काढू नका, ऑपरेशनचं विचारा. खराब झालेले नसेचे तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात, आणि कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा.