पाईप गॅसवर भाकरी फुगत नाही, खरंय की मनाचे खेळ?

लालबागची_सून: आमच्या चाळीत गेल्या महिन्यात पाईपचा गॅस आला, सगळे खूश, मीच एकटी वैतागलेय. सिलिंडरवर तांदळाची भाकरी आचेवर टाकली की टम्म फुगायची, आता नुसती पडून राहते नि कडा वाळतात. सासूबाई म्हणतात पाईपचा गॅस पातळच. सिलिंडर परत घ्यावा का?

मोलमोजणी: सासूबाई बरोबर बोलतायत. पाईपात मिथेन, एका कार्बनचा. सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन, तीन नि चार कार्बनचे. घराणं एकच, अल्केन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे, पण तेवढ्याच घनमीटर गॅसमधून सिलिंडरवाल्यांची उष्णता अडीच-तीन पट. सिलिंडरच भारी, पाईप म्हणजे निव्वळ सोय.

दादर_टीटी: सोयीचा आकडा बरोबर उचललात. किलोवर मोजा की! मिथेन किलोला 50 मेगाज्यूल, एलपीजी 46 च्या आसपास. कार्बनच्या मानाने हायड्रोजन मिथेनमध्ये सगळ्यात जास्त म्हणून हे होतं, आणि तेवढ्याच उष्णतेला धूर-कार्बनही कमी.

मोलमोजणी: शेगडीला वजनकाटा कळत नाही हो, तिला भोकातून किती गॅस आला तेवढंच कळतं.

दादर_टीटी: मग भोक मोठं करायचं! पाईप गॅसला मोठ्या भोकाचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोट्या, लागतात. ताई, जेट बदललेत का ते आधी बघा.

कोकणकन्या_एस५: याच्या उलटं आमच्याकडे झालं. भावाने पाईपवरची जुनी शेगडी गावाला नेऊन तशीच सिलिंडरला जोडली, काडी लावली तर वीतभर पिवळी ज्योत, पातेलं दोन मिनिटांत काळंकुट्ट आणि आईने पदर सावरत थेट अंगण गाठलं. मोठ्या भोकातून गॅस जास्त, हवा पुरत नाही, कार्बन अर्धवट जळतो नि काजळी धरते. कार्बन मोनॉक्साइड होतो तो वेगळाच, आणि तो दिसतही नाही.

गिरगाव_चौपाटी: भाकरी सोडा, जीव बघा. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर खिडकीतून वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, ओट्याखाली नि मोरीत साचून राहतो. माझं मत पाईपलाच.

मोलमोजणी: वर जातो खरा, पण चाळीतल्या खोलीत वर काय असतं? माळा! गाद्या, गणपतीचं मखर, आणि खिडकी डासांसाठी बंद. हवेत 5 टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते.

गिरगाव_चौपाटी: आणि एलपीजीला 2 टक्केच पुरे होतात, ते नाही सांगितलंत. बाकी खिडकीचं मान्य.

पेन्शनर_परळ: शिवाय पाईपचा गॅस आपला, 1974 ला मुंबई हाय सापडलं, उरणला उतरतो.

दादर_टीटी: काका, सगळा नाही. उणे 162 अंशाला थंड करून द्रवरूपात जहाजातूनही येतो, दाभोळला. अर्थात एलपीजी तरी कुठे आपला, निम्म्याहून जास्त बाहेरचाच.

मोलमोजणी: बिलाचं बोला. 14.2 किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता हवी तर पाईपचे साधारण 18 युनिट, म्हणजे घनमीटर, जळतात. दोन्हीचे भाव मांडून बघा, मग भांडू.

लालबागची_सून: बघितलं. फिटरने मोठ्या बर्नरचा जेट बदललाय, छोट्याचा तसाच ठेवलाय. आणि मोठ्यावर माझा कुकर असतो, भाकऱ्या मी छोट्यावरच करते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.