न कळणाऱ्याकडून जुनी पेटी ऑनलाइन घ्यावी का?

साखरपेठकर
भजनी मंडळासाठी पेटी बघतोय. मोबाइलवर जुळे सोलापुरातली जाहिरात दिसली: ‘हार्मोनियम, चालू स्थितीत, आजोबांची, आठ हजार.’ फोटो तीन, त्यातल्या एकात पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. सूर, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या पितळी जिभा, कुठले विचारलं, तर म्हणे ‘सगळे वाजतात’. खर्ज-नर, म्हणजे सुरांचे दोन संच, एक खालच्या आवाजाचा नि एक मधल्या, आहे का विचारलं, तर ‘काका, मी पुण्यात असतो, पेटी आईकडे आहे, मला त्यातलं काही कळत नाही.’
माझं मत, असल्याकडूनच घ्यावी. जुन्या पेट्या घेऊन विकणारा पॉलिश मारून, वरून नवं कापड चढवून पेटी नटवतो. ज्याला काही कळतच नाही, तो लपवणार काय?

बाळ्याचा तबलजी
मालक, तो लपवत नसेल, पण त्याला दिसतही नाही. ‘चालू स्थितीत’ म्हणजे त्यानं एक पट्टी दाबली, आवाज आला, विषय संपला. पत्र्याखालच्या माळ्यावर सोलापूरचे दहा उन्हाळे काढलेली पेटी असेल तर लाकूड आकसतं, सूर बसवलेल्या फळीला चीर जाते. भात्याचं कातडं झुरळं खातात ते वेगळंच. दुकानदार चार पैसे जास्त घेतो, पण बेसूर झाली तर पेटी त्याच्या दारात नेऊन आपटता येते. पुण्यातल्या पोराच्या नावानं कुठं बोंब मारणार?

स्वरदा_ताई
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. विकणाऱ्याला कळत नसेल तर आपण त्याच्याकडून करून घ्यायचं. त्या आईंना सांगा, पुढच्या सगळ्या खुंट्या, म्हणजे सुरांकडे हवा सोडणारे दट्टे, बाहेर ओढा, एकही पट्टी दाबू नका, भाता मारा. दोनचारदा मारल्यावर भाता हाताला घट्ट लागून दबेनासा झाला तर हवा कोंडतेय. आरामात मिटत राहिला तर कुठूनतरी गळतेय. आणि पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप वाजत राहिला, तर ती पट्टी खाली नीट बसत नाही. मग डावीकडून एकेक पट्टी, सावकाश, पांढऱ्या-काळ्या सगळ्या.
पण हे व्हिडिओ कॉलवर नको. लांब धरलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर असं समजून फोन तो दाबून टाकतो आणि चांगली पेटीही मेलेली वाटते. साध्या कॅमेऱ्यात व्हिडिओ काढून पाठवायला सांगा.

बाळ्याचा तबलजी
ताई, साठीच्या बाईला खुंटी म्हणजे काय हे फोनवर समजावून दाखवाच. आणि सूर कानशीनं घासून घासून किती झिजलेत हे व्हिडिओत कसं दिसणार? टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दोन्हीकडून घासलेली सुराची जीभ पातळ होते, मग ती कधी तुटेल याचा नेम नाही. वरची फळी उघडल्याशिवाय मी पेटी घेत नाही. शिवाय जुन्या पेटीची काळी एक (पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) आजच्या ४४० च्या मापाला, म्हणजे कीबोर्ड ज्यावर लावलेले असतात त्याला, जुळेलच असं नाही. मंडळात कीबोर्डवाला असेल तर भांडण ठरलेलं.

होटगी रोड
अहो, साखर पेठेतून जुळे सोलापूर कितीसं लांब? रिक्षा करा आणि जा की! चर्चा कसली? बाकी ‘मला काही कळत नाही’ हे सोंगही असतं. पुण्याचा मुलगा आधी टोकन मागत असेल, कोड पाठवून स्कॅन करा म्हणत असेल, तर तिथंच थांबा. वाद्याला हात लावेपर्यंत रुपया सोडायचा नाही.

पायपेटी
वेगळं विचारतो. उघडल्यावर आत जुने जर्मन सूर निघाले तर? पेटी आठ हजारांपेक्षा बरीच जास्त किमतीची असेल. माउलीला सांगणार का?

साखरपेठकर
भाव त्यांनी लावलाय, मी नाही. मंगळवार बाजारात भाजी स्वस्त मिळाली तर आपण परत जाऊन पैसे देतो का?

स्वरदा_ताई
भाजीवालीला भाव ठाऊक असतो, म्हणून ती स्वस्त देते. इथं तुम्हीच पहिल्या ओळीपासून सांगताय की त्यांना काही कळत नाही. त्या न कळण्यावर भजनाची पेटी घेणार आणि वर अभंग म्हणणार?

बाळ्याचा तबलजी
इथं मात्र मी साखरपेठकरांच्या बाजूनं. भाता गेलेला निघाला असता तर आई आठचे पाच करणार होत्या का? जोखीम घेणाऱ्याची, तर फायदाही त्याचाच.

पायपेटी
फळी तिथंच उघडणार म्हणता, मग जोखीम राहिली कुठं?

साखरपेठकर
बरं. रविवारी जातोय, मंडळातले पेटीवाले बुवाही येताहेत. जर्मन निघाले तर सांगेन, पण पैसे देऊन पेटी रिक्षात ठेवल्यावर.

स्वरदा_ताई
मग सांगूच नका. त्या बाईंची झोप कशाला घालवता?