मदत हवी आहे : 'मृत्यू' आणि 'चंद्र' या पत्त्यांतले मनोरे

रायडर-वेट-स्मिथ या टॅरो (भविष्य पाहण्याचे चित्रांचे पत्ते) संचात (१९०९) तेराव्या 'मृत्यू' पत्त्यावर क्षितिजाशी दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. अठराव्या 'चंद्र' पत्त्यावरही तसेच मनोरे, मधून पाण्याकाठची वाट, दुतर्फा कुत्रा आणि लांडगा.

केल्टिक क्रॉसमध्ये (दहा पत्त्यांची मांडणी, प्रत्येक जागेला ठरलेला अर्थ) 'मृत्यू' दुसऱ्या जागी (आडवा, म्हणजे अडथळा) आणि 'चंद्र' दहाव्या, फलिताच्या जागी आला, तर दोन्ही मनोरे एकच वेस समजून वाचावेत का? आडवा पत्ता सुलटाच धरलाय. मग अर्थ लागतो : जुनं सुटत नाही, सुटलं तरी पुढची वाट धूसर. हे मनापासून पटतं. पण मार्सेय या जुन्या फ्रेंच संचात 'चंद्र'वर मनोरे आहेत, तेराव्यावर नाहीत. तिथे कोयतावाला सांगाडा आणि जमिनीवर तुटलेली मुंडकी. म्हणजे हा दुवा पहिल्या संचाची चित्रकार स्मिथ हिच्या चित्रांपुरताच धरायचा? दोन्ही संच वापरणाऱ्यांनी कृपया सांगावं.